आरपार न गेलेलं भोक

मी सुताराचं गिरमिट बोलतोय. एरवी मी बोलत नाही, कुरकुरतो. पण त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर जे घडलं त्यानं माझी वाचाच बसली होती. आता कुठे ती परत फुटतेय, तेव्हा मधे तोंड घालू नका. सांगून झालं की मी आपला माझ्या खुंटीवर.

मी म्हणजे विजेवर गुरगुरणारं ते पिस्तूल नव्हे. मी हातानं फिरवायचं गिरमिट. वर लाकडाचा लट्टू, तो छातीशी दाबून धरायचा. मधे वाकलेला दांडा, तो गरागरा फिरवायचा. खाली जबडा, त्यात पातं बसवायचं. झाला माझा संसार. शाळेत मी गेलेलो नाही. शाळेची बाकं गेली, त्यांना भोकं मी पाडली. तेवढंच माझं शिक्षण.

एका कारखान्यात माझा दांडा वाकवला, दुसरीकडे लट्टू कातला आणि तिसऱ्याच माणसानं मला जोडून दुकानात टांगलं. आईबाप कोण म्हणाल तर सांगता येणार नाही. थोरल्या मिस्त्रींनी मला विकत घेतलं आणि पुढे आपल्या मुलाच्या हातात दिलं. तो तेव्हा ऐन विशीत. तोच आजचा माझा मालक. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

पहिल्याच दिवशी थोरल्यांनी त्याला डोळे मिटायला लावले.

"फिरव. आता सांग, पातं कुठवर गेलं?"

"अर्ध्यात, बाबा."

"कशावरून?"

"आवाज भरीव येतोय."

"आणि आता?"

"आता पोकळ झाला. टोक पलीकडून डोकावत असणार."

"मग थांब ना शहाण्या! फळी उलटी कर आणि त्या बाजूनं पाड. नाहीतर मागचं लाकूड फुटून दात काढेल, आणि गिऱ्हाईक तुझे दात काढेल."

असं सहा महिने चाललं. डोळे मिटून भोकं. शेवटी मिस्त्रीचा कान असा तयार झाला की भिंतीपलीकडे कुणी फळीला भोक पाडत असलं तरी हा इकडून सांगायचा, 'गेलं आरपार.' हे लक्षात ठेवा. पुढे सगळं याच्यावरच उलटलं.

चाळीस वर्षं आम्ही दोघांनी काम केलं. दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे, कपाटं. माणसांची एक गंमत मला कधी कळली नाही. दार बसवून झालं की मालक पुढे येतो, दोन बोटांनी दारावर टकटक करतो आणि मान डोलावतो. काय कळतं त्याला त्या टकटकीतून? काही नाही. पण वाजवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. विजेचं पिस्तूल आलं तेव्हा मला खुंटीवर चढवलं, पण बिजागरीचं नाजूक काम असलं की मिस्त्री मलाच खाली काढायचा. "हे ऐकू येतं," म्हणायचा. "ते पिस्तूल नुसतं बोंबलतं."

मग त्याचा उजवा अंगठा बिघडला.

आधी नुसता बोटावर घासत राहायचा, जणू डिंकाची गोळी वळतोय. मालकीण चहा घेऊन आली की बघायची.

"अहो, काय चोळताय सारखं?"

"बोटाला डिंक लागलाय."

"आज डिंकाचं काम कुठंय?"

"कालचा असेल."

नंतर कागदावरचे त्याचे आकडे मुंगीएवढे झाले. चालताना उजवा हात हलेना. चेहरा तर रंधा मारलेल्या फळीसारखा सपाट. मालकीण विचारायची, "रागावलात का?" तो म्हणायचा, "नाही गं." ती म्हणायची, "मग तसं चेहऱ्यालाही सांगा."

आणि एका सकाळी माझा दांडा फिरवताना त्याचा हात मधेच अडला. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या फेऱ्याला जो थांबला तो थांबलाच. बिजागरी गंजावी तसा. त्यानं जोर लावला, हात थरथरला आणि मी फरशीवर आपटलो. लट्टूचा टवका उडाला. चाळीस वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा पाडलं. त्यानं मला उचललं, धोतराच्या फडक्यानं पुसलं आणि खुंटीवर ठेवलं. टवक्याची जागा अजून खरखरीत आहे.

रोगाचं नाव पार्किन्सन. नाव ऐकून मला वाटलं एखाद्या साहेबाचं असेल. मेंदूतला कुठलासा रस आटतो आणि हातपाय ऐकेनासे होतात, असं लेकीनं सांगितलं. लेक पोस्टात कामाला. घरातली कागदपत्रं तीच वाचायची. गोळ्या सुरू झाल्या, दिवसातून पाच वेळा. मळमळायचं म्हणून मिस्त्री त्यातल्या दोन भुशात टाकायचा. मी खुंटीवरून बघायचो. सांगणार कुणाला?

मग एक दिवस लेक इस्पितळातून जाडजूड कागद घेऊन आली आणि कामाच्या बाकावर बसून मोठ्यानं वाचायला लागली. मालकीण दारात उभी. मी कान टवकारले.

"बाबा, नवीन ऑपरेशन आहे. कपाळाच्या वर कवटीला दोन भोकं पाडायची आणि बारीक नळीनं मेंदूत नव्या पेशी सोडायच्या."

कवटीला भोकं! मी हललोच खुंटीवर. आमच्या जातीचं कुणीतरी माणसाच्या डोक्यावर चालतं हे मला ठाऊकच नव्हतं.

"पण पुढे ऐका. हे ऑपरेशन उपयोगी आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून निम्म्या लोकांचं खरं करणार, आणि निम्म्यांचं..." लेक थांबली. तिनं तीच ओळ परत वाचली. "निम्म्यांचं खोटं."

"खोटं म्हणजे?" मालकीण पुढे आली.

"सगळं खऱ्यासारखंच. केस काढणार, डोकं चौकटीत अडकवणार, सुई देऊन बधिर करणार. फक्त भोक अर्ध्यावर थांबवणार. आत काही घालायचं नाही. वरून टाके."

"अगं बाई!" मालकिणीनं भिंत धरली. "डोक्याला भोक पाडायचं आणि आत काही घालायचंच नाही? हे डॉक्टर आहेत की कोण?"

तुम्हाला सांगतो, मीही सुन्न झालो. अर्धं भोक म्हणजे आमच्यात चूक. थोरल्यांनी असलं अर्धं भोक पाहिलं असतं तर मुलाचा कान पिळला असता. आणि इथे ते मुद्दाम पाडणार, तेही जिवंत माणसाच्या टाळक्यात!

मिस्त्री मात्र शांत होता. "कुणाचं खरं, कुणाचं खोटं, हे कोण ठरवणार?"

"यंत्र चिठ्ठी काढणार. ऑपरेशनच्या खोलीत पाकीट फोडेपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नाही. तुम्हाला वर्षभर कळणार नाही. हात तपासणारे वेगळे, त्यांनाही नाही. शोध घ्यायचा नाही आणि कुणाशी बोलायचं नाही, असं लिहिलंय."

"आणि वर्षानंतर?"

"ऑपरेशन चांगलं ठरलं तर खोट्यावाल्यांना पाळी देणार. खरं करून देणार."

मिस्त्रीनं थोडा वेळ अंगठा चोळला. "बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "नवीन डिंक आला की आपण काय करतो? दोन फळ्या घेतो. एकीला नवा, एकीला जुना. एकच फळी चिकटवून बसलं तर काय कळणार?"

"तुम्ही फळी आहात का हो?" मालकीण ओरडली.

"सध्या तसाच दिसतो, तूच म्हणतेस. आण कागद." आणि त्यानं सही केली. मुंगीएवढी.

चार आठवड्यांनी तो परत आला तो डोक्याला पट्ट्या लावून. कपाळाच्या वर दोन्ही बाजूंना एकेक, बरोबर शिंगं उगवतात तिथे. मालकीण म्हणाली, "शिंगं काढून आणलीत वाटतं. आता तरी नीट वागाल." आणि पदरात तोंड खुपसून रडली.

पुढे काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. महिन्याभरात तो सदऱ्याची बटणं आपली आपण लावायला लागला. चमच्यातली आमटी तोंडापर्यंत पोचायला लागली. मालकीण दारादारात सांगत फिरली, "खरं झालं हो आमचं! खरं ऑपरेशन झालं! काल यांनी स्वतः चपलेचा पट्टा लावला!" गोळ्यांच्या वेळा आता तिनं हातात घेतल्या होत्या. घड्याळ घेऊन समोर उभी राहायची, घोट गिळेपर्यंत हलायची नाही. इस्पितळातून सिस्टरचा फोन यायचा, व्यायाम झाला का, वहीत लिहिलं का. घरात परत कुणीतरी हसायला लागलं.

आणि एका दुपारी मिस्त्री एकटाच कामाच्या खोलीत आला. दार लावलं आणि मला खाली काढलं.

कोपऱ्यात फ्लश डोअरचा कापलेला तुकडा पडला होता. तुम्हाला ठाऊक असेल, ते दार अखंड लाकडाचं नसतं. वर टणक प्लाय, पोटात हलकं भुसभुशीत लाकूड, खाली परत टणक प्लाय. त्यानं तो शिकंज्यात धरला, मला छातीशी लावलं, डोळे मिटले आणि फिरवायला लागला. वरचा टणक थर गेला. मग भुसभुशीत. आणि तिथेच तो थांबला. कान देऊन ऐकलं. मग बाजूला दुसरं भोक घेतलं. टणक, भुसभुशीत, परत टणक, पोकळ आवाज, आरपार.

परत पहिलं. परत दुसरं. सहा-सात वेळा.

मग तो स्टुलावर बसला. हात वर करून त्यानं कपाळाच्या वरच्या त्या खळग्या चाचपल्या, आधी डावी, मग उजवी.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा. ह्यानं टेबलावर पडल्या पडल्या ऐकलंय! बाकीचं सगळं त्या लोकांनी बेमालूम वठवलं असेल, पण आडवा पडलेला माणूस कोण आहे हेच विसरले. चाळीस वर्षं भोकाचा आवाज ऐकणारा हा माणूस. ह्याच्याच डोक्यात पातं मधे थांबलं, आणि ह्याला कळणार नाही?

ह्याचं खोटं झालं होतं. आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेर हे फक्त दोघांना ठाऊक होतं, ह्याला आणि मला.

मला वाटलं आता हा ओरडेल, इस्पितळात जाऊन टेबल उलटं करेल. छे. त्यानं तुकडा बाकाखाली सरकवला, दार उघडलं आणि मालकिणीला हाक मारली, "चहा टाकतेस का?"

का गप्प बसला? पाळीसाठी. बोलायचं नाही असं कागदात होतं. बोललो तर नाव खोडतील आणि वर्षानंतर खरं ऑपरेशन मिळणार नाही, असा त्याचा हिशोब. आणि दुसरं कारण बाहेर चहा टाकत होतं, गुणगुणत.

सहा महिन्यांनी लेक एक कागद भरून घ्यायला बसली. "बाबा, शेवटचा प्रश्न. तुम्हाला काय वाटतं, तुमचं खरं झालं की खोटं?"

मालकीण मागे उभी होती. तिनं उत्तर आधीच दिलं. "हा काय प्रश्न झाला? बटणं लावतात ते!"

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "लिही. खरं."

ज्या माणसानं आयुष्यात सुताएवढं माप खोटं सांगितलं नाही, तो माझ्यादेखत खोटं बोलला. मी खुंटीवर नुसता लटकलो होतो, पण आतून पार खिळखिळा झालो.

वर्ष संपलं. पत्र आलं. लेक वाचत होती आणि तिचा आवाज खाली खाली जात होता. "तुमच्यावर खोटी शस्त्रक्रिया झाली होती... दोन्ही गटांतले रुग्ण सारखेच सुधारले... नव्या शस्त्रक्रियेचा खोट्यापेक्षा अधिक उपयोग दिसला नाही... त्यामुळे ती यापुढे कुणावरही केली जाणार नाही."

म्हणजे पाळी गेली. एक वर्ष दाताखाली धरून ठेवलेली पाळी, एका ओळीत गेली.

मालकीण खालीच बसली, भुशात. "खोटं? आपलं खोटं झालं?"

"हो," मिस्त्री म्हणाला. "मला टेबलावरच कळलं होतं."

मालकिणीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"टेबलावर?" मालकीण हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आणि वर्षभर मला सांगितलं नाहीत? मी सगळीकडे सांगत फिरले! खरं झालं, खरं झालं! येड्यासारखी! आणि तुम्ही इथे बसून चहा पीत होतात?"

"तू हसत होतीस गं."

"मग?"

"मग काय. बरं वाटायचं."

मिस्त्रीनं फ्लश डोअरचा तुकडा बाकाखालून ओढला, मला खुंटीवरून काढलं आणि आम्हा दोघांना कापडी पिशवीत कोंबलं. "चला. मला त्या बाईंना एक गोष्ट दाखवायचीय."

तर असा मी जन्मात पहिल्यांदा इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. एक टेबल, त्यावर कागदांचे गठ्ठे, खिडकीत सुकलेली कुंडी. बाई बारीक अंगाच्या, केस पांढरे, नखं कातडीपर्यंत कापलेली. ह्याच बाईंनी मिस्त्रीच्या डोक्याला भोक पाडलेलं. मी पिशवीतूनच त्यांचे हात न्याहाळले. कारागिराचे हात होते. ते मला मान्य करावं लागलं.

"बसा मिस्त्री. पत्र मिळालं ना? तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं. पण त्यासाठी नाही आलो. डॉक्टर, मी तुम्हाला खोटं माप दिलं." आणि तो धडाधडा बोलत सुटला. पातं टणक थरातून गेलं, भुसभुशीत लागलं आणि तिथेच थांबलं, परत टणक लागलंच नाही, हे त्यानं कसं ऐकलं. वर कुणीतरी म्हणालं, आता औषध सोडतोय, शांत पडा. "तेव्हा मला हसू येत होतं. पण डोकं चौकटीत होतं. आणि मग त्या कागदावर मी 'खरं' लिहिलं. पाळी जाईल म्हणून. आता मला झोप नाही. माझ्यासारख्यांनी खोटं लिहिलं म्हणूनच दोन्ही फळ्या सारख्या दिसल्या, नाही का? मीच माझी पाळी घालवली."

डॉक्टरीणबाई जागच्या जागी थिजल्या होत्या. "ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "ऐकून कळलं? आम्ही तालीम केली होती, मिस्त्री. वेळ मोजला होता, बोलायची वाक्यं ठरवली होती. हे शक्य नाही."

"डोळे मिटा," मिस्त्री म्हणाला.

"काय?"

"मिटा तर खरं."

आणि बाईंनी मिटले की हो! मिस्त्रीनं तुकडा टेबलाच्या कडेवर धरला, लेकीला एका बाजूनं दाबायला सांगितलं, मला छातीशी लावलं आणि फिरवलं. कुर्र, कुर्र. टणक. भुसभुशीत. थांबला. मग दुसरं. टणक, भुसभुशीत, टणक, आरपार. खालच्या गठ्ठ्यावर भुसा सांडला.

"कुठलं गेलं?"

"दुसरं," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. मग उघडले. चेहरा पांढराफटक. "बरोबर आहे. कवटी अशीच असते. वर कठीण, मधे जाळीदार, आत परत कठीण. मीही हातानं तेच ओळखते. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही."

"पुढच्या वेळी माणसाचा धंदा विचारा," मालकीण फणकारली. "लोहार असला तर आणखी काही ऐकेल."

बाईंना हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. "मिस्त्री, तुमच्या त्या एका शब्दानं काही ठरलेलं नाही. आम्ही तुमचं म्हणणं धरून नाही बसलो, हात मोजला. मोजणाऱ्यांना तुमच्या डोक्यात काय झालंय ते ठाऊक नव्हतं. पाळी तुम्ही घालवलेली नाही. आणि आरपार भोकाचाही काही उपयोग झाला नाही. तुम्ही अर्ध्या भोकाची माणसं नसतात ना, तर मी पुढची दहा वर्षं लोकांची डोकी पोखरत बसले असते, आणि वर सगळे मला धन्यवाद देत राहिले असते."

"मोजला कसला?" मिस्त्री चिडला. "आत काही घातलंच नाही तर सुधारेल कसा? आम्ही आपलं मनानं घेतलं. मी तर मनानंही नाही घेतलं. मला ठाऊक होतं! काही झालेलं नाही माझ्या हाताला!"

बाईंनी तुकड्याकडे बोट दाखवलं. "एकदा परत पाडा. आरपार. यावेळी मी डोळे उघडे ठेवते."

त्यानं तिसरं भोक घेतलं. रागात होता, त्यामुळे जोरात. मी फिरत होतो आणि जसं फिरायला हवं तसं फिरत होतो. विशीतल्या मिस्त्रीच्या हातात फिरायचो ना, जवळजवळ तसा. त्याचा डोळा भोकावर होता. लेकीचा तुकड्यावर. मालकिणीचा बाईंवर. पण बाई भोकाकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या मनगटाकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

पातं पलीकडे गेलं. मिस्त्री म्हणाला, "हं. ऐकलंत? गेलं."

"अडतीस," बाई म्हणाल्या.

"काय अडतीस?"

"फेरे. अडतीस फेरे मारलेत तुम्ही. एकदाही अडला नाहीत." त्यांनी गठ्ठ्यातून एक कागद ओढला. "ऑपरेशनच्या आधी तुम्ही स्वतः सांगितलं होतंत, हे इथे लिहिलंय. गिरमिट चार फेऱ्यांवर अडतं. हातातून पडलं."

हा माणूस काही झालेलं नाही हे सिद्ध करायला मला घेऊन इतका लांब आला होता, आणि त्यासाठी त्यानं तीन भोकं पाडली होती. सरळ, गोल, स्वच्छ. मी तिथे होतो. माझ्याच पात्यानं.

"कशानं?" मिस्त्रीनं विचारलं. अगदी लहान आवाजात.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "गोळ्या वेळेवर पोटात गेल्या, त्यानं थोडं असेल. व्यायामानं थोडं. बाकी... खरंच माहीत नाही."

मिस्त्रीनं मान खाली घातली आणि आपल्या हाताकडे पाहिलं. माझ्या दांड्यावर ठेवलेल्या उजव्या हाताकडे. बराच वेळ पाहिलं. परक्याचा हात असावा तसं.

आणि मला ते आधी कळलं, त्याच्याही आधी. दांड्यात एक बारीक कंप आला. आधी अंगठा. मग बोटं. मग मनगट. मी टेबलावर वाजायला लागलो. टक टक टक टक. दारावर माणसं वाजवतात तसा, पण थांबेचना.

मालकिणीनं झटकन त्याच्या हातावर आपला हात ठेवला. बाई उभ्या राहिल्या होत्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मोजलं ते ठीक. बोलून दाखवायला नको होतं."

हे मी अजून पचवलेलं नाही. लाकडाचं मला कळतं. सागवान सागवानासारखं वागतं, बाभूळ बाभळीसारखी. पण माणूस? डोक्यात काही घातलं नाही तरी सुधारतो, आणि सुधारलाय म्हणून सांगितलं की थरथरतो. खोटं आहे हे माहीत असूनही ज्याचा हात वर्षभर नीट चालला, तो खरं ऐकून कापायला लागला! हा कसला माल म्हणायचा?

आता मी परत खुंटीवर आहे. उगीच गोड बोलणार नाही, रोग गेलेला नाही. तो आहे आणि वाढणार आहे. पण मिस्त्री रोज सकाळी गोळी घेऊन इथे येतो आणि मला खाली काढतो. एखाद्या दिवशी सहा फेरे होतात, एखाद्या दिवशी वीस. मालकीण चहा ठेवते आणि त्याच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहते. बाहेर बघत काहीबाही बडबडत असते, दुधवाला पाणी घालतो, कुंपणाची तार तुटली. मला आधी वाटलं ही रागावलीय. मग कळलं, ती कान देऊन माझा आवाज ऐकत असते. बरेच फेरे झाले आणि आवाज पोकळ झाला की हळूच म्हणते, "गेलं वाटतं." तिलाही आता ऐकू येतं.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर जरूर या. दार उघडंच असतं. बाकावर बसा, चहा घ्या, दारावर टकटक करायची हौस असेल तर तीही भागवा. पण एवढं माझं ऐका. तो मला हातात घेईल तेव्हा त्याच्या हाताकडे बघू नका. खिडकीबाहेर बघा.